गाणाऱ्याचेही मन जपू या

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आम्हाला एका कलावंताविषयी बोलायचे आहे. लोकशाहीर विठ्ठल उमप. आपल्यापैकी कित्येक कुटुंबे मुंबईच्या चाळी सोडून मीरा रोड-भाईंदरला आली. उमपही त्याच चाळींच्या मुंबईचे. १५ जुलै १९३१ रोजी नायगावात त्यांचा जन्म झाला. पोवाडा, भारूड, गोंधळ, कव्वाली, काय येत नव्हते या माणसाला? कवी, गायक आणि नटसुद्धा. २००८ सालच्या 'टिंग्या' चित्रपटात आपण त्यांना पाहिले आहे. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला, दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात मंचावरच ते कोसळले आणि गेले. जिथे १९५६ साली बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला, त्याच भूमीवर.

त्यांचे 'जांभूळ आख्यान' गाजले. द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी ओढ उपजते आणि ती तिला कुणाजवळ बोलता येत नाही, अशी ती कथा. ऐकणाऱ्याला वाटते, अरे, असे झाकून ठेवलेले काहीतरी आपल्याही मनात आहे की! कलावंत आपल्याला बरे करतो तो असा. आपल्या मनातले तो आपल्या आधी बोलून दाखवतो.

आपल्या धम्माला हे नवीन नाही. पटाचारेची कथा आपण वर्षावासात ऐकतो. नवरा गेला, दोन लेकरे गेली, आईबाप आणि भाऊ गेले. बाई वेडी होऊन रस्त्याने फिरू लागली. भगवंतांनी तिला हाकलले नाही, भानावर आणले. पुढे ती थेरी झाली आणि तिची गाथा 'थेरीगाथे'त आली. दुःख, उपचार, साधना आणि काव्य, सगळे एकाच बाईच्या आयुष्यात!

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गाण्याने ताप उतरत नाही, बरं का. खुद्द भगवंतांवर उपचार करायला जीवक वैद्य होता. आजार झाला की डॉक्टरकडेच जायचे, अंगारे-धुपारे नकोत. गाणे आणि ध्यान मनाला आधार देतात, औषधाची जागा घेत नाहीत.

तो आधार आपण सगळ्यांनी घेतलेला आहे. वस्तीत कुणी गेले की रात्री गाणारी मंडळी येतात, ढोलकी-पेटी मांडतात आणि बुद्ध-भीमगीते गातात. घरातली माणसे आधी रडतात, मग ऐकतात, पहाटेपर्यंत थोडी सावरतात. आपण उत्तनमार्गे गोराईच्या पॅगोडात जातो. आठ हजार माणसे मावतील एवढा तो घुमट, आत खांब नाही. तिथे डोळे मिटून बसले की मन शांत होते. ते मौन आणि हे गाणे, दोन्ही मनाचीच सेवा. एकाने दुसऱ्याला कमी लेखू नये.

आता मुद्द्याचे बोलतो. ज्याने सगळ्यांना सावरायचे, त्याला कोण सावरणार?

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले. मुलुंडला झोपडीत राहणारे कवी-गायक विलास घोगरे यांना ते सहन झाले नाही. चार दिवसांनी, १५ जुलैला, त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांनी पुढे चौदा वर्षे खपून 'जय भीम कॉम्रेड' हा चित्रपट केला, त्याची सुरुवात घोगरेंपासून होते. दुसऱ्यांचे दुःख गाणाऱ्या माणसाजवळ त्या दिवशी कोण होते? हा प्रश्न एकट्या मुलुंडचा नाही. आपल्याकडे कार्यक्रम संपला की टाळ्या होतात, हार होतो, माईकवाल्याचा हिशेब होतो. ढोलकीवाला शेवटच्या लोकलने घरी कसा पोचला, घरी काय परिस्थिती आहे, हे कुणी विचारत नाही.

सुत्तात एक प्रसंग आहे. भगवंत राजगृहाला आजारी होते. महाचुंद भेटायला आले, तेव्हा भगवंतांनी त्यांनाच सात बोज्झंग म्हणायला लावले आणि स्वतः ऐकत राहिले. ज्यांनी ते जगाला शिकवले, त्यांनीही आजारपणात ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकले! मग आपल्या शाहिराने आधार मागितला तर त्यात कमीपणा कसला?

१५ जुलै हा उमपांचा जन्मदिवस आणि घोगरेंचा स्मृतिदिन. त्या संध्याकाळी विहारात आपल्या भागातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना बोलवू या. त्या दिवशी त्यांनी गायचे नाही. आपण त्रिसरण-पंचशील घेऊ, थोडा वेळ ध्यानाला बसू आणि मग त्यांचे ऐकू. आजारपण, मुलांची फी, दारू, थकलेले भाडे, जे असेल ते. कुणाचे मन फारच खचले असेल तर डॉक्टरकडे सोबत जाऊ. १४४१६ हा सरकारचा मोफत फोन नंबर मानसिक त्रासासाठीच आहे, तो विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवू.

ज्यांच्या गळ्याने आपण सावरलो, त्यांचे हे ऋण आहे. ते फेडू या.

जय भीम! नमो बुद्धाय!