अंगणांतील तांबडा मेपल

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागांत, न्यू फाउंडलंडपासून फ्लॉरिडापर्यंत, तांबडा मेपल रानांत आपोआप वाढतो आणि गृहस्थांच्या अंगणांतहि हौसेनें लावला जातो. लिनीअसनें १७५३ सालीं त्याला दिलेलें 'एसर रुब्रम' हें नांव सार्थ आहे. रुब्रम म्हणजे तांबडा. वसंतारंभीं पर्णहीन फांद्यांवर तांबडीं फुलें येतात आणि शरदांत पुष्कळदां सबंध झाड पेटल्यासारखें दिसतें.

या रंगाला भुलून रोप आणणारा गृहस्थ खड्डा मात्र नको तितका खोल खणतो, आणि तेथेंच घात होतो. बुंधा जेथें रुंदावून मुळांस मिळतो, ती जागा मातीच्या वर दिसलीच पाहिजे. ती पुरली गेली कीं मुळें बुंध्याभोंवतीं वेटोळें घालूं लागतात, आणि कित्येक वर्षांनीं, ऐन भरांत आलेलें झाड गळफास बसल्यासारखें खंगतें. चुनखडीच्या जमिनींत मँगॅनीजच्या अभावीं पानें पिवळीं पडतात. तेथें हा वृक्ष न लावणेंच बरें.

ज्याच्या घरीं घोडा आहे, त्यानें तर हा मेपल कुरणापासून दूरच ठेवावा. याचीं कोमेजलेलीं पानें पोटांत गेलीं तर घोड्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी नष्ट होतात. वादळानें मोडलेली फांदी त्याच दिवशीं उचलावी.