फटफटी पडते तेव्हा

फटफटी कशी चालवावी हा आजचा माझा विषय नाही. ती पडली तर काय करावे, हा आहे. पडली म्हणजे भरधाव जाताना झालेला अपघात मी म्हणत नाही. त्याची गोष्ट वेगळी. तिथे आधी माणूस आणि १०८ नंबरची गाडी. मी बोलणार आहे ते उभ्या गाडीच्या पडण्याविषयी. शाळेच्या पटांगणात, बाजारच्या दिवशी वडाखाली, डेअरीसमोर दुधाचे कॅन उतरविताना गाडी कलंडते. धाडकन आवाज होतो, चार माणसे वळून पाहतात, आणि आपल्याला मेल्याहून मेल्यासारखे होते. घाईघाईने आपण गाडी उचलतो आणि सगळ्यात आधी टाकीवरून हात फिरवितो. मनात एकच प्रश्न : चरा किती पडला?

हा प्रश्न वाईट नाही. पण तो पहिला नव्हे. माझ्या हातून तो पहिला विचारला गेला, म्हणून हे सांगायला बसलो आहे.

काही वर्षांपूर्वी आषाढात एका गावच्या शाळेत व्याख्यानाला गेलो होतो. पटांगणातली माती भिजून लोण्यासारखी झालेली. गाडी साइड स्टँडवर लावली आणि आत गेलो. अजून चहाही झाला नव्हता, तोच बाहेर आवाज झाला. स्टँड मातीत रुतून गाडी डावीकडे कलत चालली होती. ते पाहून नववीतला एक मुलगा धावला. उजव्या बाजूने हँडल धरून त्याने गाडी आपल्याकडे ओढली, ती स्टँडवरून सुटली आणि त्याच्याच अंगावर आली. मी जाऊन विचारले काय, तर "कुणी सांगितलं होतं तुला गाडीला हात लावायला?" पोराने मान खाली घातली. मी टाकीवरचा पोचा पाहिला, हळहळलो. पुढच्या ब्रेकची दांडी वाकली होती, ती लोखंडी नळीत धरून सरळ केली आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी टाकीला पॉलिश केले.

पाचव्या दिवशी घाट उतरताना वळणावर म्हशी आडव्या आल्या. ब्रेक दाबला आणि दांडी मोडून हातात आली. मागचा ब्रेक शाबूत होता आणि रस्त्याच्या कडेला चिखलाचा चर होता, म्हणून निभावले.

पुढे त्या शाळेच्या गुरुजींचा फोन आला. बोलता बोलता म्हणाले, "सर, त्या मुलाची पोटरी सायलेन्सरनं भाजली होती. तुम्ही रागावलात म्हणून त्यानं घरीसुद्धा सांगितलं नाही. आता जखम चिघळली आहे." श्रोतेहो, गाडी पडल्याचे दुःख मला झाले होते; हे ऐकून लाज वाटली. चऱ्याकडे पाहण्याच्या नादात दोन गोष्टी मी पाहिल्याच नव्हत्या : एक मुलगा आणि एक ब्रेक.

तेव्हापासून मी एक क्रम ठरविला आहे. आधी माणूस, मग गाडीचा प्राण, मग हाडे, आणि शेवटी कातडी. या क्रमानेच आपण जाऊ.

माणूस आधी. गाडीजवळ जो कोणी असेल त्याला विचारा, "लागलं का रे?" आणि नुसते विचारू नका, पाय पाहा. चालवून बंद केलेल्या गाडीचा सायलेन्सर बराच वेळ तापलेला असतो. भाजले असेल तर ती जागा वाहत्या स्वच्छ पाण्याखाली वीस मिनिटे धरा. टूथपेस्ट, शाई, तेल, हळद यांतले काही लावू नका. फोड आले किंवा जखम मोठी असेल तर दवाखाना गाठा.

मग गाडी उचलावयाची. त्याआधी किल्ली बंद करा. पेट्रोलचा वास येत असेल तर जवळ बिडी पेटवू देऊ नका. साधी शंभर सी.सी.ची गाडी एकशेदहा किलोच्या आसपास भरते आणि बुलेट एकशेनव्वदच्या वर. तेव्हा वाकून हाताच्या जोरावर उचलू नका. गाडी उठायची नाही आणि कंबर मात्र धरायची. गाडी उजव्या अंगाला पडली असेल तर आधी स्टँड उघडून ठेवा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाऊन पुन्हा पडेल. गिअरमध्ये टाकता आली तर टाका. मग गाडीकडे पाठ करून सीटला टेकून उकिडवे बसा. एका हाताने हँडलची खालची मूठ आणि दुसऱ्या हाताने मागची पकड धरा आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर मागे रेटत उठा. याहून सोपा उपाय म्हणजे कुणाला तरी हाक मारणे. हाक मारायला लाज वाटते, हे मी जाणतो. पण कंबरदुखी लाजेपेक्षा जास्त दिवस टिकते.

गाडी उभी राहिली की लगेच किक मारू नका. आडव्या गाडीत पेट्रोल आणि इंजिनचे ऑइल नको तिथे गेलेले असते. चार-पाच मिनिटे ते खाली बसू द्या. तेवढ्या वेळात गाडीचा प्राण तपासून होतो. खाली वाकून पाहा : पेट्रोल ठिबकते आहे का? इंजिनच्या झाकणाला तडा जाऊन ऑइल येते आहे का? ॲक्सिलरेटरची मूठ फिरवून सोडा. ती आपण होऊन मागे आली पाहिजे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. कुठली तार अडकता कामा नये. दोन्ही ब्रेक दाबून गाडी ढकलून पाहा. डिस्क ब्रेक असेल तर हँडलवरच्या डबीतून ब्रेक ऑइल गळते का, तेही पाहा. हे ऑइल रंगाचा शत्रू आहे. टाकीवर सांडले तर ताबडतोब भरपूर पाण्याने धुऊन टाका. तसेच राहिले तर रंग फुगून सुटतो.

आता ती दांडी. ब्रेकची आणि क्लचची दांडी बहुधा ओतीव ॲल्युमिनियमची असते. लोखंडी तार आपण वाकवितो, सरळ करतो, तिला फारसे काही होत नाही. ओतीव धातूचे तसे नाही. पडताना तो एकदा वाकतो; आपण तो उलटा वाकवून सरळ करतो, तेव्हा आत बारीक तडा जातो. बाहेरून दांडी नव्यासारखी दिसते. ती मोडते ती मात्र आपण सगळ्या जोराने दाबतो तेव्हा, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा. दांडीच्या टोकाला गोल मणी असतो तोही शोभेसाठी नव्हे. पडताना टोक हातात किंवा अंगात घुसू नये यासाठी तो असतो. म्हणून वाकलेली किंवा मणी तुटलेली दांडी बदला. मोटारसायकलीच्या खर्चात याहून स्वस्तात जीव वाचविणारी वस्तू मला तरी ठाऊक नाही.

हेल्मेटचेही असेच. आतले थर्माकोलसारखे अस्तर दणका सोसताना दबते आणि एकदा दबले की पूर्वीसारखे होत नाही. डोक्यात असताना ज्याने मार खाल्ला, ते हेल्मेट वरून चकचकीत दिसले तरी पुन्हा घालू नये.

हाडे म्हणजे हँडल आणि पुढचे फोर्क. सरळ रस्त्यावर हळू चालवून पाहा. चाक सरळ आणि हँडल तिरके दिसत असेल, तर पुष्कळदा फोर्क आपल्या पकडीत जरासे फिरलेले असतात, वाकलेले नसतात. मिस्त्री बोल्ट सैल करून ते ओळीत आणतो आणि पुन्हा आवळतो. चाक झाडाच्या बुंध्यात अडकवून हँडलला हिसके देण्याचा गावठी उपाय करू नका. त्याने वाकडे सरळ दिसू लागेल, पण ते किती ताणले गेले हे कळणार नाही.

एवढे झाले की मग खुशाल चऱ्याकडे वळा.

टाकीवर रंगाचे थर असतात. पत्र्यावर अस्तराचा रंग, त्यावर मुख्य रंग, आणि बहुतेक गाड्यांना सगळ्यांवर पारदर्शक लॅकर. हे सारे थर मिळून वहीच्या एक-दोन पानांएवढे जाड. चऱ्यावरून आडवे नख फिरवा. नख अडकले नाही तर चरा वरच्या लॅकरमध्येच आहे. रबिंग कंपाउंड मऊ फडक्याने हलके चोळले की तो जातो. पण दर महिन्याला चोळत बसू नका, कारण चोळणे म्हणजे तो पातळ थर झिजविणे. नख अडकले तर आत पाहा. राखी किंवा पांढरे अस्तर दिसत असेल तर घाई नाही. उघडा पत्रा चमकत असेल तर मात्र घाई आहे. कोकणात तर एका पावसात तिथे तांबेरा चढतो आणि शेजारच्या रंगाखाली शिरून त्याला पोखरू लागतो.

त्याला उपाय घरचाच आहे. गंज असेल तेवढा चारशे नंबरच्या वॉटर पेपरने काढा. कडा आठशे नंबरने उतरत्या करा. साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. आधी प्रायमर, मग रंगाचे दोन-तीन पातळ हात द्या आणि प्रत्येक हात वाळू द्या. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात. हवा दमट असताना रंग पांढुरका पडतो, म्हणून हे काम पावसाळ्यात नको. तोवर जागा कोरडी करून घरातल्या नेलपॉलिशचा एक हात मारून ठेवलात तरी पत्रा तग धरील. घरात त्याबद्दल परवानगी मात्र आधी घ्यावी.

प्लॅस्टिकच्या भागांना गंज चढत नाही. तिथला चरा नुसता चराच राहतो. तो सोडून दिला तरी चालेल. प्लॅस्टिकला भेग गेली असेल तर भेगेच्या टोकाशी बारीक भोक पाडा. भेग बहुधा तिथे थांबते.

टाकीच्या पोच्याबाबत मात्र एक गोष्ट नीट ऐका. टाकी उतरवून, रिकामी करून, "जरा वेल्डिंगचा टाका मारून द्या" असे कुणालाही सांगू नका. रिकामी टाकी निर्धोक, असे आपल्याला वाटते. खरे पाहता काठोकाठ भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त घातक, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा एकत्र झालेली असते आणि ठिणगीसरशी तिचा स्फोट होतो. असे काम टाकीतली वाफ पूर्ण घालविण्याची रीत जाणणाऱ्या कारागिरानेच करावे. आणि रंग न फुटता नुसता पोचा पडला असेल, तर त्यापायी कुणाचा जीव धोक्यात घालण्याचे कारणच काय?

विम्याचाही विचार करा. दुसऱ्याच्या नुकसानीपुरता जो सक्तीचा विमा असतो, त्यातून आपल्या चऱ्याचे पैसे मिळत नाहीत. पूर्ण विमा असेल तर एक वर्ष भरपाई न मागितल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपोटी भरावयाच्या हप्त्यात वीस टक्के सूट मिळते. ओळीने पाच वर्षे न मागितल्यास ती पन्नास टक्क्यांवर जाते. एकदा मागितली की सूट शून्यावर येते. तेव्हा आरसा आणि इंडिकेटर यांच्यासाठी अर्ज करण्यापूर्वी वहीत बेरीज-वजाबाकी करून पाहा.

शेतकरी बंधूंना हा क्रम समजावून सांगण्याची गरजच नाही. पोळ्याला आपण बैलाची शिंगे हौसेने रंगवितो आणि रंगवावीतच. पण बाजारात बैल घेताना दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. शिंगांचा रंग पाहून कोणी पैसे मोजीत नाही. फटफटीला हाच न्याय लावा. आणि गाडी विकताना पडल्याची गोष्ट घेणाऱ्याला सांगा. रंगाखाली लांबी भरून पोचा झाकता येतो. पण वाकलेला फोर्क झाकून दिला, तर तो दुसऱ्याच्या घाटात उघडा पडतो.

गाडी पडूच नये यासाठी एक लहानशी सवय पुरे. ओल्या मातीत स्टँडखाली चपटा दगड किंवा फळीचा तुकडा ठेवा. उतारावर तोंड चढाकडे करून पहिल्या गिअरमध्ये गाडी लावा. मी आता डिकीत फळीचा तुकडा बाळगतो. तो आषाढातल्या त्या दिवशी माझ्याजवळ असता, तर पुढचे काही घडले नसते. म्हणजे दोष त्या मुलाचा नव्हता, गाडी लावणाराचा होता.

फोन आला त्याच आठवड्यात मी त्या गावी जाऊन आलो. मुलाला दवाखान्यात नेऊन मलमपट्टी करविली आणि त्याच्या आईवडिलांसमोर त्याची माफी मागितली. पोटरी बरी झाली, डाग राहिला. आजही मी भेटलो की तो माझ्याशी बोलतो, पण गाडीपासून चार पावले दूर उभा राहतो. टाकीवरच्या चऱ्याला उपाय आहे, हे आत्ताच सांगितले. या चार पावलांना काय उपाय करावा, ते मला अजून सापडलेले नाही.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी एवढीच विनंती आहे. शाळेच्या पटांगणात आता आपल्या गाड्यांची रांग असते आणि पोरे तिच्याभोवती खेळत असतात. कधी ना कधी कुणाच्या तरी हातून एखादी गाडी पडेल. तोंडातून पहिला प्रश्न कोणता निघावा, तो आजच ठरवून ठेवा. त्या वेळी ठरवायला सवड मिळत नाही.