राजाला नाही म्हणणारा सरदार

क्रुसेड, म्हणजे मध्ययुगातलं ख्रिस्ती धर्मयुद्ध, म्हटलं की छातीवर क्रूस लावलेले, तलवार उपसलेले घोडेस्वार डोळ्यांपुढे येतात. आज अशाच एका सरदाराची गोष्ट सांगतो. पण ती सुरू होते गहाणखतापासून.

फ्रान्समधल्या शाँपेन प्रांताचा हा सरदार, जाँ द ज्वँव्हिल. १२४८ साली राजा नववा लुई सातव्या क्रुसेडवर निघाला, तेव्हा ज्वँव्हिल जेमतेम तेवीस-चोवीस वर्षांचा होता. ईस्टरच्या दिवसांत गढीवर जेवणावळी झाल्या आणि मग त्यानं आपल्या मानकऱ्यांना बोलावलं. मी दूर निघालो आहे, परत येईन की नाही ठाऊक नाही, माझ्याकडून कुणाचं काही लागत असेल तर मागून घ्या, असं सांगून तो चक्क बैठकीतून उठून गेला. का? तर आपल्या भिडेनं कुणी गप्प बसू नये.

खर्चासाठी जमिनी गहाण पडल्या. निघताना त्यानं मागं वळून गढीकडे पाहिलं नाही. तिथं दोन लेकरं होती. पाय अडखळला असता. सोबत नऊ सरदार, दहावा तो स्वतः. सायप्रसला पोचेपर्यंत गाठीशी उरले २४० लिव्ह्र, म्हणजे त्या काळची फ्रेंच नाणी. सोबतचे सरदार सोडून जायच्या गोष्टी करू लागले, तेव्हा राजानं त्याला आपल्या चाकरीत घेतलं.

पुढे इजिप्तमध्ये दमिएता बंदर हाती आलं, मन्सूराच्या लढाईत मात्र सगळं विस्कटलं. १२५० साली राजा आणि ज्वँव्हिल दोघेही कैद झाले. सुटकेच्या खंडणीचा पहिला हप्ता मोजताना ३०,००० लिव्ह्र कमी पडले. टेम्पलर या लढवय्या ख्रिस्ती संघाच्या गलबतावर लोकांच्या ठेवींच्या पेट्या होत्या. खजिनदार किल्ल्या देईना. तापानं खंगलेल्या ज्वँव्हिलनं तिथलीच एक कुऱ्हाड उचलली आणि हीच राजाची किल्ली, असं बजावलं. मग किल्ल्या आपोआप पुढे आल्या!

१२५४ साली तो घरी परतला. जहागिरीत पाहतो तो काय, त्याच्या गैरहजेरीत फ्रान्सच्या राजाच्या आणि शाँपेनवर सत्ता असलेल्या नव्हारच्या राजाच्या अंमलदारांनी रयतेला पार नागवलं होतं.

१२६७ साली लुईनं पुन्हा क्रूस घेतला, म्हणजे नव्या क्रुसेडची शपथ घेतली, आणि ज्वँव्हिललाही आग्रह केला. ज्या राजासाठी कुऱ्हाड उचलली, त्यालाच तो या वेळी नाही म्हणाला. देवाची सेवा करायची तर इथंच राहून माझी माणसं सांभाळतो, हे त्याचं उत्तर. तेव्हा राजा इतका अशक्त होता की ज्वँव्हिलनं त्याला एकदा दोन्ही हातांवर उचलून नेलं होतं. अशा माणसाला मोहिमेचा सल्ला देणाऱ्यांनी पाप केलं, असं त्यानं पुढे लुईविषयीच्या आपल्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं.

लुई त्याच मोहिमेत १२७० साली ट्यूनिसजवळ आजारानं वारला. ज्वँव्हिल १३१७ पर्यंत जगला. मन्सूराच्या रणात त्यानं शौर्य दाखवलं, यात वाद नाही. पण माझ्या मते त्याचं सर्वांत मोठं धाडस त्या नकारात होतं.