आधी रिंगण, मग कुत्रा



तुम्ही श्वानपालक सुरतच्या उधना, लिंबायत, डिंडोलीहून आलात, काही जण तर नंदुरबारहून पहाटेच्या गाडीने. म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

‘स्पर्धेसाठी कुठली जात घेऊ?’ असं मला सारखं विचारतात. मी विचारतो, कुठली स्पर्धा? डॉग शोमध्ये जज त्या जातीचं ठरलेलं माप डोळ्यांपुढे ठेवून दात, छाती, चाल तपासतो. आज्ञापालनात कुत्र्याचं लक्ष मालकाकडे हवं. अ‍ॅजिलिटीत बोगदा, सी-सॉ, खांबांमधली नागमोडी धाव. फळीच्या उताराच्या टोकाला रंगवलेल्या भागावर पाय न टेकवता उडी मारली, तर गुण जातात. तिन्हींसाठी लागणारं कुत्रं एकच असेल असं नाही.

हे मला बिजलीने शिकवलं. बिजली माझी कारवानी. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी जोपासलेली, 2005 मध्ये टपाल तिकिटावर झळकलेली ही जात. शोमध्ये तिची चाल बघत राहावी अशी. मला हाव सुटली, मी तिला आज्ञापालनात उतरवलं. तिला बसवून वीस पावलं दूर गेलो. एवढ्यात वाऱ्याने मैदानावर प्लॅस्टिकची पिशवी उडाली. बिजलीची नजर तिच्यावर खिळली, कमरेवरची कातडी थरथरली आणि पुढच्या क्षणी जागेवर नुसती धूळ. तीनदा हाका मारल्या. घरी आल्यावर दोन दिवस मी तिच्याशी नीट बोललो नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. नजरेला पडलेल्या सशामागे कुणाच्या हुकमाची वाट न बघता धावायचं, यासाठीच तिच्या पिढ्या निवडल्या गेल्या. चूक माझ्या निवडीची होती.

बॉर्डर कॉली मेंढपाळाच्या शिट्टीवर काम करायला घडवलेला, म्हणून आज्ञापालन आणि अ‍ॅजिलिटी या दोन्ही खेळांत तो पुढे असतो. पण आपलं सुरत बघा. कुत्रं धापा टाकून अंग थंड करतं. आपल्या दमट हवेत ते नीट साधत नाही. त्यात कॉलीचे दाट केस, एका खोलीचं घर आणि मालक बारा तास कारखान्यात. पग तर चपट्या नाकामुळे आधीच दमलेला. लॅब, जर्मन शेफर्ड घेणार असाल, तर आधी आई-बापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. विकणारा कां-कूं करू लागला, तर पिल्लू कितीही गोड असो, परत फिरा. आणि कुठल्याही पिल्लाला हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत उंच उड्या मारायला लावू नका.

एक मागणी मात्र आज या व्यासपीठावरून करतो. अ‍ॅजिलिटी 1978 मध्ये लंडनमध्ये भरलेल्या क्रफ्ट्स डॉग शोमध्ये पहिल्यांदा लोकांपुढे आली. ब्रिटनमध्ये या खेळात मिश्र जातीची कुत्रीही उतरतात. आपल्या गल्लीतलं गावठी कुत्रं हलकं, आखूड केसांचं, इथल्या उन्हात वाढलेलं. रात्रपाळीहून येणारा माणूस वळणावर दिसला, की ते त्याला चालीवरून ओळखतं. जातीचा कागद डॉग शोला लागतो, तिथे तो असू द्या. येत्या थंडीत आपण भरवू त्या आज्ञापालनाच्या आणि अ‍ॅजिलिटीच्या स्पर्धांच्या अर्जातून मात्र जातीचा रकाना काढून टाका. त्या जागी रेबीजच्या लशीची तारीख विचारा.