आपण हरलो, म्हणजे कोण हरलं?

(शारजातल्या एका घरगुती बैठकीत केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



मला विज्ञानावर बोलायला सांगितलं होतं. मी हॉकीवर बोलणार आहे, माफ करा.

६ ऑगस्ट २०२१. इथे तेव्हा सुट्टी शुक्रवारची असे. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपल्या मुलींची कांस्यपदकाची लढत, ग्रेट ब्रिटनशी, आपल्याकडे पहाटे साडेपाचला. आधी दोन गोलांनी मागे, मग पाच मिनिटांत तीन गोल! गुरजित कौरचे दोन, वंदना कटारियाचा एक. घरचे झोपलेले, म्हणून मी उशीत तोंड खुपसून ओरडलो. शेवटी ३-४ ने हरलो. मुली मैदानावर रडत होत्या, इकडे मी. चाळिशी ओलांडलेला पीएचडी माणूस.

हे रडणं मला नवं नाही. २००० साली सिडनीत पोलंडने शेवटच्या दोनेक मिनिटांत बरोबरी साधली आणि आपली उपांत्य फेरी हुकली, तेव्हा मी पुण्यात शिकत होतो. धनराज पिल्ले खडकीचा, म्हणजे घरचाच. आम्ही हॉस्टेलवर बचावफळीला, पंचांना, नशिबाला मनसोक्त शिव्या घातल्या. जात-धर्म कुणी काढला नाही, असं मला आठवतं. पण आठवणारे कान माझे आहेत, आणि माझ्या आडनावाच्या माणसाला तसलं काही सहसा ऐकावं लागत नाही.

वंदनाला लागलं. कांस्यपदकाच्या सामन्याच्या दोन दिवस आधी उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून आपण १-२ ने हरलो. त्यानंतर हरिद्वारजवळच्या रोशनाबादमध्ये तिच्या घरासमोर काही जणांनी फटाके फोडले, नाच केला, जातीवरून शिव्या दिल्या. संघात दलित फार झाले म्हणून हरलो, असं ते म्हणत होते, अशी घरच्यांची तक्रार. पोलिसांनी अटकही केली. याच वंदनाने ३१ जुलैला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. ऑलिंपिकमध्ये हॅट-ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. मे महिन्यात वडील गेले, तेव्हा बेंगळुरूच्या शिबिरात असल्याने तिला अंत्यदर्शनालाही जाता आलं नव्हतं. आणि घरासमोर हे सगळं झाल्यावर दोनच दिवसांनी तिने तो तिसरा गोल मारला.

तेव्हा मी फार संतापलो होतो. दूरच्या गावातल्या माणसांवर संतापणं सोपं असतं.

मग २४ ऑक्टोबर आला. दुबईचं स्टेडियम, टी-ट्वेंटी विश्वचषक, भारत-पाकिस्तान. आम्ही चार मित्र गेलो होतो, सगळे उच्चशिक्षित. दहा गडी राखून हरलो. परतताना गाडीत एक जण म्हणाला, "शमीने मुद्दाम दिल्या रे धावा." दुसरा हसला. मी खिडकीबाहेर पाहत म्हणालो, "जाऊ दे ना आता."

माझा धंदा आकड्यांचा. आपल्या पाच गोलंदाजांपैकी एकालाही बळी मिळाला नव्हता. शमीने अठरावं षटक सुरू केलं तेव्हा त्यांना १८ चेंडूंत १७ धावा हव्या होत्या आणि दहाही गडी शिल्लक होते. सामना केव्हाच गेला होता. विद्यार्थ्याने असा निष्कर्ष आणला असता तर मी त्याला खोलीबाहेर काढलं असतं. गाडीत मात्र मी "जाऊ दे" म्हणालो. सहा दिवसांनी विराट कोहलीने धर्मावरून कुणाला लक्ष्य करणं किती हीन आहे ते पत्रकारांसमोर स्वच्छ सांगितलं. मग त्याच्या दहा महिन्यांच्या मुलीला धमक्या आल्या. त्याला किंमत मोजावी लागली. मला तर मित्राचा रुसवा तेवढा सोसायचा होता.

हे समाजमाध्यमांमुळे झालं, असं म्हणण्याची सोय नाही. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये पाकिस्तानकडून १-७ हरलो, तेव्हा गोलरक्षक मीररंजन नेगींवर विकले गेल्याचा आरोप झालाच होता. ते हिंदू होते, एवढाच काय तो फरक. शोधायला निघालं की गुन्हेगार सापडतो. बहुतेकदा तो आधीच ठरलेला असतो.

दुसऱ्या दिवशी माझ्या प्रयोगशाळेतला सहकारी, उत्तर प्रदेशातला, मुसलमान, कामावर आला. एरवी सामन्याच्या दुसऱ्या दिवशी तो तास-दोन तास कुणाला काम करू देत नाही. त्या दिवशी सामन्याबद्दल चकार शब्द नाही. मीही काढला नाही.

चार वर्षांनी, २८ सप्टेंबर २०२५ ला, दुबईत आशिया चषकाची अंतिम लढत होती, पुन्हा पाकिस्तानशीच. मी त्याला म्हटलं, घरी ये, चार-पाच जण जमतोय, जेवूनच जा. तो हसून म्हणाला, "नको सर, घरीच बघतो. जिंकलो तर येईन. हरलो तर लोकांत बसवत नाही."

मी आग्रह केला नाही. भारत जिंकला. सामना संपताच पहिला मेसेज त्याचाच आला.