चाचणी आवृत्ती आणि पाठशुद्धी

(अहिल्यानगर येथे संगणक शिकणारे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा संपादित अंश.)



'संगणक आणि मराठी' या विषयावर मी बोलावे, अशी संयोजकांची इच्छा आहे. विषय मोठा आहे आणि माझा अधिकार लहान. म्हणून मी आज आपल्यापुढे केवळ एक अनुभव ठेवणार आहे. २००७ सालच्या हिवाळ्यात, संगमनेरच्या आमच्या घरी, फायरफॉक्स या ब्राउझरची एक कच्ची आवृत्ती मी वापरून पाहिली. ब्राउझरला आपण मराठीत न्याहाळक म्हणतो. त्या काही आठवड्यांत मला जे शिकायला मिळाले, ते पुढे कोणत्याही पुस्तकात मिळाले नाही.

प्रथम त्या काळाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. हातातला फोन म्हणजे बोलण्याचे साधन, एवढाच त्याचा अर्थ होता. घरात एक संगणक, त्यावर विंडोज एक्सपी, आणि दूरध्वनीच्या तारेवरून रडतखडत चालणारे आंतरजाल. त्यातच भारनियमन. वीज कधी जाणार याचे वेळापत्रक भिंतीवर लावून आमचा दिवस ठरत असे. मराठी वाचायचे तर आणखी एक यातायात होती. बहुतेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापले स्वतंत्र टंक वापरीत. एकाचा टंक दुसऱ्याला चालत नसे, आणि तो टंक नसला की पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हांची रास दिसे. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत १९९१ पासून देवनागरीला स्थान होते. मराठी विकिपीडिया २००३ साली युनिकोडमध्येच सुरू झाला होता. तरीही सर्वसामान्य वाचकापर्यंत ही सोय पोहोचायला वेळ लागला. एक्सपीमध्ये तर भारतीय लिपींचा आधार कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन, मूळ तबकडी घालून, मुद्दाम बसवावा लागे.

न्याहाळकांच्या क्षेत्रात तेव्हा इंटरनेट एक्सप्लोररचे एकछत्री राज्य होते. नेटस्केप या कंपनीने १९९८ मध्ये आपल्या न्याहाळकाची संहिता सर्वांसाठी खुली केली. त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती आली. जगभरातील स्वयंसेवकांनी हातभार लावलेले हे काम, कोणीही उघडून पाहावे असे. साहजिकच मी त्याच्या प्रेमात होतो. परंतु त्यात एक उणीव होती, आणि ती माझ्या वडिलांनी पकडली.

माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणत असू, अकोले तालुक्यातील शाळेत मराठीचे शिक्षक होते. निवृत्तीनंतर काही वर्षे त्यांनी एका छापखान्यात मुद्रितशोधनही केले. संगणकाला त्यांनी कधी हात लावला नव्हता. एके दिवशी मी त्यांना खुर्चीवर बसवले आणि एक मराठी लेख उघडून दिला. चार ओळी वाचून ते म्हणाले, "अरे, हे कोणी जुळवलंय? वेलांट्या सगळ्या सुटून पडल्यात. 'क्ष'ची तर फाळणीच झालीय!"

मी पाहिले तर खरेच तसे होते. शेजारचा दुसरा लेख मात्र त्याच न्याहाळकात अगदी सुरेख दिसत होता. मी हे वर्षभर पाहत होतो. 'फायरफॉक्सला मराठी नीट जमत नाही' असे म्हणून सोडून देत होतो. मराठी वाचायचे असले की निमूटपणे एक्सप्लोरर उघडत होतो. तात्यांनी पुढे विचारले, "मग तू हे कोणाला कळवलंस का?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

याच सुमारास, १९ नोव्हेंबर २००७ रोजी, फायरफॉक्स ३ ची पहिली बीटा म्हणजे चाचणी आवृत्ती प्रसिद्ध झाली. सुमारे सात एमबीची ती फाईल उतरवायला आम्हाला अर्धा तास लागला. दोन वेळा तार तुटली, तो वेळ वेगळाच. अखेर ती बसवली, तोच लेख उघडला आणि तात्यांना हाक मारली. त्यांनी चष्मा पुसला, ओळीवरून बोट फिरवले आणि एवढेच म्हणाले, "जुळारी बदललेला दिसतोय."

मित्रहो, त्या वाक्यात तंत्रज्ञानाचा पूर्ण उलगडा होता. संगणकाच्या पोटात 'कि' हे अक्षर आधी 'क' आणि मग वेलांटी या क्रमाने साठवलेले असते. पडद्यावर मात्र वेलांटी आधी काढावी लागते. 'क्ष' तर क, हलन्तचिन्ह आणि ष अशा तीन खुणांचा मिळून होतो. ही जुळणी करणारा कारागीर संगणकात वेगळा असतो. न्याहाळकाने संपूर्ण शब्द त्याच्या हाती द्यायचा असतो. जुन्या आवृत्तीत साध्या मजकुराच्या बाबतीत तसेच होई. पण ज्या लेखात ओळींच्या दोन्ही कडा सरळ रेषेत आणल्या असतील, तिथे मोकळी जागा वाटून देण्याच्या खटाटोपात शब्दाचे तुकडे पडत आणि जोडाक्षरे उसवत. इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुटेच असते. त्यामुळे इंग्रजी वाचणाऱ्याला हा दोष जन्मात दिसला नसता. तिसऱ्या आवृत्तीसाठी मजकूर रेखाटण्याचा भागच नव्याने लिहिला गेला आणि हा दोष दूर झाला.

तात्यांना आता हुरूप आला. शाळेची एक जुनी वही काढून त्यांनी अवघड शब्दांची यादीच केली. हृदय, राष्ट्र, ब्रह्म, शृंगार, कुऱ्हाड, वऱ्हाड, तऱ्हा. मी टंकलिखित करायचे आणि त्यांनी तपासायचे. जे शब्द चुकीचे दिसले, त्यांच्यावर त्यांनी तांबड्या शाईने खुणा केल्या. त्या खुणा घेऊन मी निघालो होतो सगळा दोष न्याहाळकाच्या माथी मारायला. तात्यांनीच अडवले. "मुद्रणात चूक सापडली की पहिल्यांदा पाहायचं, चूक हस्तलिखितातली, खिळ्यातली की जुळाऱ्याची. जुळाऱ्याला उगाच बोल लावायचा नाही."

मग आम्ही एकेक खूण तपासली. 'ल' आणि 'श' ही अक्षरे हिंदी वळणाची दिसत होती. तो प्रश्न न्याहाळकाचा नव्हताच, तो टंकाचा होता. विंडोजबरोबर येणारा 'मंगल' हा टंक आपल्या ज्येष्ठ सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला. परंतु तो हिंदी आणि मराठी दोघींसाठी सामाईक होता. टंक बदलताच अक्षरांचे वळण बदलले. दुसरी खूण होती एका संकेतस्थळावरच्या 'दर्या' या शब्दावर. तात्यांचे आयुष्य कळसूबाई, हरिश्चंद्रगड आणि भंडारदऱ्याच्या परिसरात गेलेले. सह्याद्रीच्या वर्णनात 'दऱ्या'च्या जागी 'दर्या' आल्यावर ते म्हणाले, "डोंगरात समुद्र कुठून आला?" हा दोष ना न्याहाळकाचा, ना टंकाचा. लिहिणाऱ्याने 'ऱ'ची कळ न वापरता साधा 'र' वापरला होता. मराठीत हा भेद फार महत्त्वाचा आहे. आचार्याला दक्षिणा द्यायची असते आणि आचाऱ्याला मजुरी! त्यातही गंमत अशी, की 'ऱ्य' हे रूप संगणकात दोन निरनिराळ्या मार्गांनी साठवता येते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि एक शोधला तर दुसरा सापडेलच असे नाही.

अशा रीतीने एकाच पानावरच्या तीन खुणांचे तीन धनी निघाले. हा धडा मी आजही विद्यार्थ्यांना देतो. चाचणी म्हणजे चूक दाखवणे एवढेच नव्हे, चूक कोणाच्या घरची आहे ते ठरवणे ही तिची दुसरी आणि अधिक अवघड बाजू आहे.

आता माझ्या फजितीचीही गोष्ट सांगितली पाहिजे. कच्ची आवृत्ती सावधपणे, वेगळ्या प्रोफाईलमध्ये वापरायची असते, असे सूचनांत स्पष्ट लिहिलेले होते. उत्साहाच्या भरात मी ते वाचलेच नाही. जुन्या आवृत्तीत जोडलेले कित्येक लहान विस्तार नव्या आवृत्तीत बंद पडले. ते हवेत म्हणून दोन-तीन आठवड्यांनी मी जुन्या आवृत्तीकडे परतलो, तो त्या काळात साठवलेल्या वाचनखुणा गायब! तात्यांसाठी शोधून ठेवलेले लेख त्यांत होते. पुढे कारण कळले. नव्या आवृत्तीने वाचनखुणा ठेवण्याची जागाच बदलली होती. जुनी आवृत्ती आपल्या जुन्या फडताळात शोधत होती आणि सामान नव्या कोठीत होते. दोष पूर्णतः माझा होता. तेव्हापासून प्रत घेतल्यावाचून मी काहीही नवे बसवत नाही.

आणि वर्षभर मी जो दोष मुकाट्याने सोसला, त्याचे काय? मोझिलाच्या दोषनोंदींत शोध घेतल्यावर दिसले, की कोणी तरी अनोळखी माणसांनी तो आमच्या कितीतरी आधी नोंदवलेला होता. कोणत्या पानावर, कोणत्या शब्दात, काय अपेक्षित होते आणि काय दिसले, असे व्यवस्थित लिहिलेले. त्यांना मानधन नव्हते, सत्कार नव्हता. मी एक्सप्लोरर उघडून स्वतःपुरती सोय पाहत होतो, तेव्हा ती माणसे सर्वांची सोय पाहत होती. १७ जून २००८ रोजी फायरफॉक्स ३ ची पूर्ण आवृत्ती आली आणि २४ तासांत ८० लाखांहून अधिक लोकांनी ती उतरवून घेतली. त्याची गिनीजमध्ये विक्रम म्हणून नोंदही झाली. पण देवनागरी वाचणाऱ्यांच्या वाट्याला जी नीट अक्षरे आली, त्यामागे त्या नोंदी करणाऱ्या अनामिकांचाही हात होता.

आपला जिल्हा या कामाला परका नाही. प्रवरेकाठी नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे तिच्या प्रतींवरून प्रती होत राहिल्या आणि त्यांत अपपाठ शिरले. ते कोणी हेतुपुरस्सर केले नव्हते. नकलणारा थकतो, त्याची नजर चुकते, एवढेच. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या नाथमहाराजांनी निरनिराळ्या प्रती पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला. स्वतः एवढे मोठे ग्रंथकार, पण दुसऱ्याच्या ग्रंथातील अशुद्धे काढण्याचे काम त्यांनी कमीपणाचे मानले नाही. ग्रंथ रचणारा थोर आणि तो शुद्ध राखणाराही थोर, ही आपली परंपरा आहे. तात्या ज्याला मुद्रितशोधन म्हणत आणि संगणकवाले ज्याला चाचणी म्हणतात, ते याच कुळातले काम आहे.

आता स्वदेशी न्याहाळकांकडे वळू. २०१० मध्ये बंगळुरूच्या हिडन रिफ्लेक्स या संस्थेने मोझिलाच्याच संहितेवर 'एपिक' हा भारतीय न्याहाळक आणला. त्यात भारतीय भाषांतून लिहिण्याची सोय होती. २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने भारतीय न्याहाळक घडवण्याची स्पर्धा जाहीर केली. २०२५ मध्ये तिचे एक कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक झोहो कंपनीच्या 'उला' या न्याहाळकाला मिळाले. या गोष्टीचा अभिमान वाटावा, हे योग्यच आहे. परंतु न्याहाळक चेन्नईत घडला काय किंवा कॅलिफोर्नियात घडला काय, 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतला फरक तिथल्या अभियंत्याला ठाऊक नसणार. तो त्याला कळवायचा कोणी? पारितोषिक देऊन सरकार न्याहाळक घडवून घेईल. तात्यांची वही सरकारला कुठून मिळणार?

म्हणून माझी एक विनंती आहे. विद्यार्थी मित्रहो, वर्षातून एकदा तरी एखाद्या साधनाची चाचणी आवृत्ती, स्वतःच्या कामाच्या प्रती जपून ठेवून, मराठीत वापरून पाहा. शेजारी घरातील ज्याचे मराठी उत्तम असेल, त्या आजोबांना, आजींना किंवा आईला बसवा. तुम्हाला यंत्र कळते, त्यांना भाषा कळते. दोघे मिळूनच चाचणी पूर्ण होते. दोष सापडला की तो कोणाचा ते ठरवा आणि मग चार स्वच्छ वाक्यांत कळवा. तक्रार चहाच्या टपरीवर विरून जाते. नोंद मात्र राहते, आणि कधी ना कधी कोणीतरी ती वाचतो.

तात्या आज नाहीत. त्यांची ती वही माझ्याकडे आहे. नवा न्याहाळक आला, नवा टंक आला, की मी ती उघडतो आणि पहिल्या पानापासून शब्द टंकित करत जातो. बहुतेक शब्दांवर आता तांबडी खूण करावी लागत नाही. शेवटची काही पाने मात्र कोरी आहेत. ती भरण्याचे काम मी आपल्याकडे सोपवतो आणि आपली रजा घेतो.