एकादशी, शुक्रवार आणि डीप पर्पल



नोकरीतले अनुभव सांग, असं आयोजकांनी सुचवलं होतं. पण सॉफ्टवेअरच्या गोष्टी ऐकायला कुणी सुट्टी काढून फलटणला येत नाही. म्हणून दुसरंच सांगते.

नववीत मी कंपासपेटीवर 'स्मोक ऑन द वॉटर' बडवायचे, हे मागच्या बाकांना आठवत असेल. मामेभावाने मुंबईहून आणलेली डीप पर्पलची कॅसेट मी घरी हरिपाठाच्या डबीत लपवायचे. अण्णा भजनी मंडळातले, पक्के वारकरी. माळ माझ्याही गळ्यात होती, आजही आहे. मला स्वतःला त्यात विसंगत काही वाटलं नाही. जॉन लॉर्डचा ऑर्गन पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, ही आपली पेटीच, फक्त चिडलेली!

२०२४ च्या एप्रिलअखेर त्यांच्या नव्या अल्बममधलं पहिलं गाणं आलं. अल्बमचं नाव म्हणजे नुसतं बरोबरचं चिन्ह आणि पुढे १. सगळा गुंता सुटत जाऊन शेवटी एकच काही उरतं, अशी त्यामागची कल्पना. आपण कीर्तनात दुसरं काय ऐकतो? तारीख होती शुक्रवार, १९ जुलै. आषाढी एकादशी बुधवारी, १७ ला. मी कॅलेंडरवर दोन्हींना गोल केला. आमच्या धंद्यात रिलीजची तारीख पुढे ढकलण्यासाठीच असते, त्यामुळे तीही एक काळजी.

खरी धास्ती वेगळीच होती. गायक इयन गिलन ७८ वर्षांचा. 'चाइल्ड इन टाइम'मधल्या त्या गगनभेदी ताना त्याने वीसहून अधिक वर्षं मंचावर घेतलेल्या नाहीत. गिटारवर स्टीव्ह मोर्सच्या जागी सायमन मॅकब्राइड नवा. हे सगळं आता केविलवाणं तर वाटणार नाही ना?

अण्णाही ७८ चेच. आदल्या वर्षी भर भजनात काळी चारमध्ये त्यांचा आवाज फाटला, आणि त्यांनी गाणंच सोडलं. मंडळात जायचे, टाळ हातात धरून गप्प बसायचे. घरात तो विषय काढायची सोय नव्हती.

एकादशीचा उपास केला, द्वादशीचं पारणं झालं. शुक्रवारी घरूनच काम होतं. सकाळी अल्बम लावला, इयरफोनशिवाय. तीस वर्षांत पहिल्यांदाच घरात उघडपणे. अण्णा पेपर वाचत होते. तिसऱ्या गाण्याला त्यांनी चष्मा काढला.

"हा केवढा आहे गं?"

"तुमच्याएवढाच, अण्णा."

"वरचं सोडून दिलंय त्याने. खालीच गातोय, पण शब्द कसा रेटून टाकतोय बघ." मग थोड्या वेळाने, "पेटीवाला बरा आहे."

पेटीवाला म्हणजे डॉन एअरी. त्याला हे कळवायला हवं.

अल्बम कसा आहे, ते चहाच्या वेळी विचारा, तासभर बोलेन. त्या संध्याकाळी मंडळात अण्णांनी पेटीवर बसलेल्या काकांना काळी दोन धरायला सांगितली. काका म्हणाले, "एवढी खाली? बाकीच्यांना जड जाईल." अण्णा म्हणाले, "जाऊ दे." आणि त्यांनी चाल धरली.